गुलाबरावच्या जागेवर

गजभिये घराण्यात कुणाला विचारून काही करायची पद्धत नाही. आधी ठरवायचं, मग जेवायला बोलवायचं, आणि ताट वाढल्यावर सांगायचं. भरल्या तोंडानं माणूस फार भांडत नाही, हे जानरावांचं तत्त्वज्ञान. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ह्या म्हाताऱ्यानं पोरीचं लग्न, धाकट्याची रेल्वेतली भरती, नातवंडांची नावं, सगळं असंच उरकलं होतं. तेव्हा थोरला मुलगा गुलाबराव जाऊन वर्ष झालं म्हणून ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला ते नुसतं त्रिशरण-पंचशील म्हणून गप्प बसतील, असं घरात कुणालाच वाटत नव्हतं.

गुलाबराव प्लांटमध्ये, म्हणजे पोलाद कारखान्यात, नोकरीत असतानाच आजारानं गेला होता. अशा माणसाच्या घरातल्या एकाला अनुकंपेवर घेतात. एकालाच. हक्काची माणसं तीन होती: बायको सत्यशीला, मुलगी सुजाता आणि मुलगा धम्मपाल. तिघांतल्या एकाचं नाव द्यायचं आणि बाकी दोघांनी 'आमची हरकत नाही' म्हणून स्टँप पेपरवर सही करायची. उद्या सकाळी दुर्गच्या कोर्टात नोटरीपुढे सह्या होणार होत्या आणि उद्याच संध्याकाळी धम्मपालची फौजेत परतायची गाडी होती. नाव धम्मपालचं, हे जानरावांनी ठरवून टाकलं होतं. धम्मपालला ते पत्रानं, फोननं किंवा तोंडी कुणी सांगितलं नव्हतं.

तो बिचारा सकाळी पाचपासून मागच्या अंगणात दोन भट्ट्यांमध्ये उभा होता.

"किती जण येतील, आई?" त्यानं विचारलं.

"येतील साठ-सत्तर," सत्यशीला म्हणाली.

"साठ का सत्तर?"

"आता हे काय जेवण आहे का हजेरी?"

"आमच्या लंगरमध्ये आकडा सांगा लागते, आई. एकशे अठ्ठावीस म्हणजे एकशे अठ्ठावीस. एकाचं कमी पडलं तं मी उपाशी, जास्त झालं तं साहेब विचारते कावून."

फौजेच्या स्वयंपाकघराला ते लंगर म्हणतात. सत्यशीलानं बोटांवर माणसं मोजली आणि सदुसष्ट सांगितले. त्यानं मान हलवली आणि तांदूळ मापायला घेतले. ती तिथंच उभी राहून बघत राहिली. बारावी होईपर्यंत ह्या पोरानं घरात स्वतःच्या हातानं पाण्याचा गिलास घेतला नव्हता. बारावीनंतर दोन वर्षं खुर्सीपारच्या मैदानावर धावला, दोन भरत्यांतून परत आला, आणि तिसऱ्या वेळी फोन केला, "आई, लागलो. कूक म्हणून." ती आनंदानं रडली होती. जानरावांनी फोन हातात घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी विहारात आणि चौकात सगळ्यांना सांगितलं की नातू बॉर्डरवर गेला, मशीनगन चालवते. तीन वर्षांत ती मशीनगन एकदाही थंड झाली नव्हती.

शेजारच्या तुळसाबाई कुंपणावरून डोकावल्या. "काय हो जानरावजी, फौजी माणूस रांधून राहिला?"

"आईले मदत करून राहिला," जानराव खुर्चीवरून म्हणाले. "आजकालचे पोरं चांगले आहेत."

धम्मपालनं ऐकलं. त्यानं वांग्यांची पाटी ओढली आणि कापायला बसला.

भंतेजींचं भोजन बाराच्या आत व्हायला पाहिजे. बारानंतर ते घास घेत नाहीत, आणि ह्या घरात आजवरच्या प्रत्येक कार्यक्रमात पावणेबाराला धावपळ, आरडाओरडा आणि कच्ची पोळी हे ठरलेलं होतं. आज साडेदहाला धम्मपाल हात पुसत आत आला आणि म्हणाला, "झालं. बोलवा." सत्यशीलाला घड्याळावर विश्वास बसला नाही. तिनं वरणाचं झाकण काढून पाहिलं, भात चाचपला. ह्या पोरानं आपल्या बापाचं कार्य नीट पार पाडलं होतं.

आत स्वयंपाकघरात सुजाता पुऱ्या लाटत होती आणि ललिताआत्या तळत होती. ललिता ही जानरावांची मुलगी, नागपूरहून कालच आली होती. येताना वडिलांनी फोनवर दिलेला निरोप पोटात घेऊनच आली होती आणि तो कधी एकदा बाहेर काढते असं तिला झालं होतं.

"सुजे, उद्या सही करून टाकजो. तोंड वाकडं करू नको."

"मी तोंड कुठं वाकडं केलं?"

"मले दिसते ना. पाह्य, तू शहाणी आहेस. पोराच्या फौजेतल्या चार वर्षांच्या करारातले दहा महिने राहिले. चारातल्या तिघांले घरी पाठवतेत म्हणे. आला घरी तं काय करीन तो? हॉटेलात पोहे करीन?"

"अन् मी काय करीन, आत्या?"

"तुझं लगन होईल."

सुजातानं पुरी पोळपाटावरून उचलली नाही. ती तेवीस वर्षांची होती. बारावीनंतर तिनं आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियनचं. पंचवीस पोरांत ती एकटी मुलगी होती आणि निकालात दुसरी आली. मग बाबांचा आजार निघाला. दीड वर्ष ती प्लांटच्या सेक्टर नऊच्या दवाखान्यात बाबांच्या पलंगाशी होती. त्या दीड वर्षात तिच्याबरोबरची पोरं कुठं कुठं लागली, आणि तिचं सर्टिफिकेट कपाटात साड्यांखाली राहिलं. बाबा शेवटी शेवटी म्हणायचे, "माह्यानंतर तू जाजो प्लांटमध्ये. तुले बिजलीचं समजते." पण ते फक्त तिलाच म्हणायचे. मोठ्यानं म्हणायची गुलाबरावची ताकद आधीही नव्हती आणि तेव्हा तर मुळीच नव्हती. नोकरी लागली नाही तर प्लांटचा हा क्वार्टरही सोडावा लागणार होता, आणि मग काकाच्या घरी एका खोलीत आई आणि ती. तिला ही नोकरी पाहिजे होती. भूक लागल्यावर जेवण पाहिजे असतं तशी सरळ पाहिजे होती. पण मागितली तर भावाच्या तोंडचा घास काढला असं सगळे म्हणतील, आणि ते तिला सोसणार नव्हतं.

"धम्माले विचारलं का कोनी?" तिनं विचारलं.

"त्याले काय विचारायचं? त्याच्याच भल्याचं आहे."

"विचारलं नाही म्हणजे."

"तू लाट," ललिता म्हणाली. "तेल तापून राहिलं."

धर्मोपदेश झाला, भोजनदान झालं, अकरा वाजून पन्नास मिनिटांनी भंतेजी हात धुऊन उठलेसुद्धा. सदुसष्टऐवजी एकोणसत्तर माणसं जेवली आणि कुणाला काही कमी पडलं नाही. लोकांनी वरणाची तारीफ केली. जानरावांनी प्रत्येकाला, तुळसाबाईंनासुद्धा, सांगितलं की आचारी दुर्गचा होता. हे धम्मपालच्या समोर तीनदा सांगितलं.

दोनच्या सुमारास पाहुणे गेले आणि घरची माणसं पुढच्या खोलीत टेकली. गुलाबरावच्या फोटोसमोरची मेणबत्ती अजून जळत होती. कृष्णरावनं पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. कृष्णराव म्हणजे जानरावांचा धाकटा, दुर्गला रेल्वेत टेक्निशियन. माणूस सरळ. भाऊ गेल्यापासून प्लांटच्या ऑफिसात आणि कोर्टात रजा टाकून टाकून त्यानंच चपला झिजवल्या होत्या. त्याचं म्हणणं साधं होतं: घरात एक पक्की नोकरी पाहिजे, ती कुणाचीही असो, पण भांडण न होता लवकर झाली पाहिजे. बाबांनी नाव सांगितलं, त्यानं टाइप करून आणलं.

"हे पाह्य धम्मा," तो म्हणाला, "कागद फिरून यायले आठ-दहा महिने लागतेच. तोवर तू सुटतेच. इकडून सुटला का तिकडं लागला. एक दिवसाचा खाडा नाही."

"काय आहे हे, काका?"

"तुझ्या बापाची जागा. तुझ्या नावानं."

धम्मपालनं एकदा काकाकडे, एकदा आजोबांकडे पाहिलं. मग बहिणीकडे. सुजाता ताटं गोळा करत होती, नको तेवढी खडखड करत.

"ताईले विचारलं?"

"तिची ना हरकत आहे," जानराव म्हणाले. "वाच अन् ठेव."

त्यानं कागद घेतला आणि वाचायला लागला. त्याला मोठ्यानं वाचायची सवय. लंगरमध्ये रोजचा मेनू असाच वाचून दाखवावा लागतो. "मी, सत्यशीला गुलाबराव गजभिये, वय पन्नास, प्रतिज्ञापूर्वक सांगते की माझा मुलगा धम्मपाल, वय बावीस, शिक्षण बारावी, धंदा..." इथं तो थांबला. पुन्हा बघितलं. "धंदा बेरोजगार."

कृष्णरावनं फोल्डरचं बटण लावलं, पुन्हा काढलं.

"मी बेरोजगार?"

"ते लिहा लागते बेटा," कृष्णराव घाईनं म्हणाला. "कामावर असलेल्या माणसाले अनुकंपा देत नाही म्हणे. अन् कागद पोचेपर्यंत तू..."

"आज तं मी कामावर आहो ना, काका. आज कोर्टात हे लिवून द्यायचं? आईच्या सहीनं?"

"टायपिस्टनं विचारलं, धंदा काय लिहू. मी बाबाले फोन केला."

सगळ्यांनी जानरावांकडे पाहिलं. ते पाय पसरून भिंतीला टेकले होते. "मीच सांगतलं," ते म्हणाले. "चार वर्षांचा करार, अन् तोही चुलीपुढं. त्याले कोन नोकरी म्हणते?"

धम्मपाल शांत पोर. लहानपणापासून त्याला राग आला की तो हळू बोलतो, आणि सत्यशीलाला त्या हळू बोलण्याचीच भीती वाटते. तो आता तसाच बोलला.

"आबा, मी पहाटे साडेतीनले उठतो. एकशे अठ्ठावीस माणसं सहाले चहा पितेत, आठले नाश्ता करतेत. बर्फ पडला तरी, ताप आला तरी. मागच्या हिवाळ्यात तेरा हजार फुटांवर चार महिने होतो. तिथं कुकरची शिटी व्हायले पाऊण तास लागते. कोनी बंदूक घेऊन रात्रभर उभा राहते, तो सकाळी पह्यले माह्याकडं येते. अन् तुमी तीन वर्षं लोकाले मशीनगन सांगून राहिले. आज तं मले दुर्गचा आचारी करून टाकलं. चालते. मी काही म्हटलं नाही. पण स्टँप पेपरवर बेरोजगार? हे मी नाही होऊ देणार."

"बाबा, हे मले बी माहीत नव्हतं," ललिता म्हणाली. तिचा स्वर बदलला होता. "तुमी म्हटलं फक्त धम्माचं नाव देऊन राहिलो."

"तू मधात बोलू नको."

"कावून नाही बोलू? बोलावता तुमीच अन्..."

"ललिता."

ती सरकून सुजाताशेजारी जाऊन बसली. ह्या घरात बाजू अशाच बदलतात, सतरंजीवरून दीड हात सरकून.

जानराव सतरंजीचा एक सुटा धागा ओढत बसले. त्यांना वाटत होतं की हा पोरगा ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला गप्प करता येतं. शेवटी ते बोलले ते सतरंजीकडे पाहून.

"मी अठरा वर्षांचा होतो. भंडाऱ्याकडून आलो तेव्हा प्लांटमध्ये लगेच कोन घेते? खुर्सीपारमध्ये एका ठेकेदाराचा मेस होता. तिथं लागलो. सैपाकी म्हणून."

कृष्णरावनं मान वर केली. आजवर हे त्यानं ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं.

"नाव सांगतलं जानराव. आडनाव कोनी विचारलं नाही, मी सांगतलं नाही. सात महिने रांधलं. लोक बोटं चाटत होते. मग एक दिवस आमच्या गावचा एक माणूस मजुरीले आला. पंगतीत बसला, वर पाहिलं, मले ओळखलं. तिथंच बोलला, हा कोनाच्या घरचा आहे ते." त्यांनी सतरंजीवरून हात फिरवला. "मले मारलं नाही. शिवी बी नाही दिली. दोघं उठले, वरणाचा गंज उचलला, अन् नालीत ओतला. पूर्ण गंज. नवा होता. मी सकाळपासून घोटलं होतं ते वरण."

सत्यशीलानं पदर तोंडाला लावला.

"त्या दिवशी ठरवलं. भट्टीपुढं जळीन, पण चुलीपुढं उभा नाही राहणार. अन् माह्या घरचं बी कोनी नाही. छत्तीस वर्षं कोक ओव्हनच्या भट्टीवर काढली. तुझ्या आजीले फक्त माहीत होतं, भीमाबाईले. तू कूक झाला तं मले काय वाटलं तुले काय सांगू? मले रोज वाटते, कोनीतरी एक दिवस येईल तिथं. तुले ओळखीन."

सत्यशीलाला सासऱ्यांचा आजवरचा सगळा राग आठवला, आणि त्याचवेळी त्यांची कीवही आली. दोन्ही एकदम आलं आणि तिला कोणतंच आवरता येईना.

धम्मपाल उठून आजोबांच्या समोर जाऊन बसला. "आबा, तिथं ओळखायचं काही राहतच नाही. छातीवर नावाची पट्टी असते. गजभिये. ही एवढी मोठी अक्षरं. मी डाव घेऊन उभा राहतो तेव्हा समोरच्याच्या डोळ्यापुढं पह्यले ते येते, मग वरण. सगळे वाचतेत. मनात कोनाच्या काय असते ते मले माहीत नाही. ताट पुढं येते. रोज, तीन टाइम."

जानरावांनी नातवाच्या छातीकडे पाहिलं, पट्टी असते तिथं.

"अर्ज माझा आहे," सत्यशीला अचानक म्हणाली.

तिचा आवाज असा होता की कृष्णरावला क्षणभर कळेना कोण बोललं. वहिनी ह्या खोलीत पंचवीस वर्षांत चहा घेता का ह्यापलीकडे फारसं बोलली नव्हती.

"कागदावर 'मी सत्यशीला' लिवलं आहे ना, कृष्णरावजी? मग नाव मी सांगीन. मामाजी, माफ करा. माह्या पोराले बेरोजगार लिवून मी सही नाही करणार. अन् माह्या पोरीकडं बिजलीचं सर्टिफिकेट आहे. यांनी दवाखान्यात तिले सांगतलं होतं तू जाजो म्हणून. मी दाराशी उभी होती, मी ऐकलं. साल झालं, मी बोलली नाही, ती माझी चूक आहे. सुजाताचं नाव लिवा."

सुजाताच्या हातातलं ताट खाली टेकलं. आईनं ऐकलं होतं, हे तिला माहीत नव्हतं. वर्षभर तिला वाटत होतं की ते बोलणं बाबांबरोबरच गेलं.

"वहिनी, विचार करा," कृष्णराव म्हणाला, आणि तो खोटं काही बोलत नव्हता. "दहा महिन्यांनी हा बॅग घेऊन दारात उभा राहिला तं? तिचं लगन झालं तं नोकरी तिच्या संगं जाईन. तुमी कोनाच्या भरोशावर?"

"माह्या," सुजाता म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली. "लगन झालं तरी माह्याच भरोशावर. हे लिवून देईन मी, पायजे तं त्याच स्टँपवर. पण धम्मा, तू सांग. तुह्या तोंडचा घास काढून मले नाही पायजे."

"घास कोनाचा किती, ते मले विचार, ताई. तेच तं काम करतो मी." तो हसला नाही. "मले चौथ्या वर्षी ठेवतीन का नाही, माहीत नाही. भीती वाटते. पण प्लांटमध्ये मी काय करीन? मले तं घरचा फ्यूज बी लावता येत नाही."

कृष्णरावनं सुस्कारा टाकला. रद्द झालेला स्टँप पेपर त्यानं फोल्डरमध्ये उलटा ठेवला आणि सुजाताच्या जुन्या वहीतून एक कोरं पान मागून घेतलं. "टायपिस्टले कच्चं लिवून देऊ. सकाळी नऊले पोचलो तं दुपारपर्यंत होईन." तो लिहायला लागला. सत्यशीला सांगत होती, अडखळत होती, पुन्हा सांगत होती. सुजाताचं नाव झालं, शिक्षण झालं. मग खाली ना हरकत देणाऱ्याचं.

"धम्मपाल," कृष्णराव पुटपुटला. "धंदा... फौजेत नोकरी, एवढं लिवलं तं बस ना?"

"नाही," जानराव म्हणाले.

कृष्णरावचं पेन थांबलं. म्हाताऱ्यानं भिंतीचा आधार घेऊन पाय जवळ ओढले आणि सरळ बसले.

"पुरं लिव. धम्मपाल गुलाबराव गजभिये. धंदा, स्वयंपाकी, भारतीय सेना." ते थांबले. "स्वयंपाकी आधी लिव. अन् मले वाचून दाखव."

कृष्णरावनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. जानरावांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग उठले, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर गेले. कुंपणाशी तुळसाबाई कपडे काढत होत्या. आतून सगळ्यांना त्यांचा आवाज ऐकू आला.

"तुळसाबाई, आचारी दुर्गचा नव्हता."

मागच्या अंगणात गंज घासायचे राहिले होते. धम्मपाल राखुंडी घेऊन बसला, सुजाता पाणी ओतायला आली.

"दहा महिन्यांनी वापस पाठवलं तं?" तिनं विचारलं.

"तं येईन."

"मंग?"

"मंग तुह्या फर्स्ट शिफ्टचा डबा मी करून देईन. पाचले निघा लागते ना तुले? साडेतीनले उठायची सवय आहेच."

सुजाता रडायला लागली. आजवर दवाखान्यात, स्मशानात, कुठंच ती अशी रडली नव्हती. धम्मपालनं तिच्या हातून बादली घेऊन बाजूला ठेवली, आणि काय करावं न सुचून तिच्या डोक्यावर आपला राखेचा हात ठेवला.

"डब्यात फक्त दोडकं नको देजो," ती हुंदक्यातून म्हणाली.